तीन शूर आणि एक पातेलं

जर्मन येऊ देत, पहिला पूल मीच उडवणार! पण चाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात ही फुशारकी मारायचीही सोय नव्हती. आम्हा तिघांची फौज गुप्त. बायकांनासुद्धा पत्ता नाही. इंग्लंडातल्या डेव्हनच्या रानात एका ओकच्या तोडलेल्या बुंध्याखाली आमचं भुयार; बुंधा हेच त्याचं झाकण. चर्चची घंटा सरकारनं बंद ठेवली होती. ती वाजली की समजायचं, शत्रू उतरला. आणि भुयार ज्याला कळलं त्याला जिवंत सोडायचं नाही, असा हुकूम.

रविवारी दुपारी खाली बॉम्ब पुसत बसलो होतो, तोच हवेच्या नळीतून आवाज आला. ठण्! ठण्! ठण्!

"घंटा!" माझा सोबती क्लेम पांढराफटक पडला.

"आले!" आमचा म्होरक्या रूबेन पुटपुटला. वळूला हातानं आवरणारा गडी, पण दातांवर दात वाजत होते.

आवाज जवळ यायला लागला.

"चर्च चालत येतं होय रे?" मी विचारलं.

"गप! झाकण उघडलं की गोळी घाल!" रूबेननं माझ्या हातात पिस्तूल कोंबलं.

माझी बायको हेस्टर घरी एकटीच होती. डोक्यावर पावलं वाजली, बुंधा सरकला. मी डोळे मिटून चाप ओढला. खट्! गोळ्या भरायच्याच राहिल्या होत्या!

"अहो! तुम्ही इथे?"

वर हेस्टर! हातात तांब्याचं पातेलं नि पळी. आमच्या घरच्या पाळीव मधमाश्यांचं मोहोळ उठलं होतं. पातेलं बडवत मागे धावलं की माश्या आपल्याच राहतात, कुणाच्याही रानात शिरता येतं, हा आमच्याकडचा रिवाज. माश्या नेमक्या त्याच बुंध्यावर बसल्या होत्या, नि तिचा धक्का लागून तो सरकला होता! पिस्तूल टाकून मी ढसाढसा रडलो.

"वहिनी," रूबेन चाचरत म्हणाला, "हुकमाप्रमाणे तुम्हाला... मारावं लागेल."

"मारा की! आधी हे पोतं धरा. माश्या उडाल्या तर मध काय तुमचं सरकार देणार?"

रूबेननं मुकाट्यानं पोतं धरलं. माश्या पोत्यात गेल्यावर हेस्टर खाली डोकावली. फळीवरचे खाण्याचे डबे तिला दिसले.

"किती दिवसांचं हे?"

"पंधरा."

"आणि पुढे?"

"डबे देणारा साहेब म्हणाला, याहून जास्त लागणार नाहीत. तोवर आम्ही जिवंत कुठले!" क्लेमनं सांगून टाकलं. हेस्टरनं एप्रननं डोळे पुसले आणि पोतं उचलून निघून गेली.

पुढच्या रविवारी तिनं माझ्या हातात मधाची बरणी ठेवली. "ही सोळाव्या दिवशी उघडायची. समजलं?"

समजलं. बरणी आम्ही तिघांनी त्याच दुपारी चाटूनपुसून संपवली. सोळावा दिवस कुणी पाहिलाय!