कोर्बिनियनने खाण कशी बुजवली

“बघच तू, वाल्बुर्गा! निसर्गखात्याच्या बाईसाहेब नुसती नजर टाकतील आणि उभ्याउभ्या सही ठोकतील. शनिवारपासून मी मोकळा!”

बुधवारी सकाळी कॉफीत प्रेट्झेल बुडवत कोर्बिनियन हास्लाखरने बायकोपुढे ही गर्जना केली. बव्हेरियातल्या त्या टेकडीखाली चाळीस वर्षं त्याने वाळू-खडी उपसली होती. आता खाण संपली. जमीन निसर्गाच्या हवाली केल्याचा दाखला मिळाला, की कंपनी त्याला निवृत्त करणार होती. दाखला नाही, तर निवृत्ती नाही! बिचारा चर्चमध्ये डोळे मिटून बसला, तरी देवाच्या आधी त्याला सहीच दिसायची.

मग काय! तो आणि डंपरवाला क्विरिन, दोघे दोन दिवस राबले. प्रत्येक डबकं बुजवलं, रोलर फिरवला, गवताचं बी पेरलं. खाण अशी दिसू लागली, जणू लग्नघरचं सारवलेलं अंगण!

शुक्रवारी निसर्गखात्याच्या ब्रेनाइसबाई गमबूट घालून आल्या.

“हास्लाखर, डबकी कुठायत?”

“एक थेंब ठेवला नाही, बाईसाहेब!”

“आणि बेडूक?”

“औषधाला सापडायचा नाही!”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, पिवळ्या पोटाचे बेडूक ते! अख्ख्या जिल्ह्यात फक्त इथे उरलेत. तुमच्या डंपरच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं, त्यातच अंडी घालतात. त्यांच्याचसाठी तर ही जमीन राखायची!”

“म्हणजे... तुम्हाला चिखल हवाय?”

“हवाय!”

“मग चाळीस वर्षं चिखल केला म्हणून मला नोटिसा कोण धाडत होतं?”

“तो रस्तेविभाग. आमचा त्यांच्याशी संबंध नाही.”

कोर्बिनियनच्या डोक्यात रोलर फिरू लागला. “क्विरिन! बेडूक मेले का रे?”

“छे हो, साहेब! पाप कोण घेईल? बादलीत भरून सोडले एका चांगल्या घरी.”

तेवढ्यात फोन वाजला. वाल्बुर्गा!

“अहो, बागेतल्या पिंपात तीस-चाळीस पाहुणे बसलेत. सगळ्यांची पोटं पिवळी! कावीळ आहे की काय?”

“पिंपाला हात लावू नकोस!” कोर्बिनियन ओरडला.

मग काय धांदल उडाली म्हणून सांगू! कालच नटवलेल्या त्या अंगणात टँकरने पाणी ओतलं. खडीने भरलेला डंपर गोल गोल फिरू लागला आणि बाई काठावरून ओरडू लागल्या, “अजून खोल! अजून घाण करा! शाब्बास!” आयुष्यात प्रथमच घाणीसाठी शाबासकी मिळाली, कोर्बिनियनला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी पिंपातले बेडूक चाकोरीत उतरले. एकाने गळा काढला, तसे सगळेच आरतीला उभं राहिल्यासारखे गाऊ लागले. बाईंनी डोळे पुसत सही केली.

“झालं ना, बाईसाहेब?”

“झालं! आता फक्त चाकोऱ्या भरून येता कामा नयेत. दर पंधरा दिवसांनी भरलेला डंपर फिरवायचा. पंचवीस वर्षं.”

“वा! कोण फिरवणार?”

“तुम्ही. जमीन राखायच्या आराखड्यात एकतिसाव्या पानावर तुमचं नाव आहे. वाचला नव्हतात?”

“वाचला होता की,” कोर्बिनियन पुटपुटला. “शेवटचं पान. सही करायची होती ना, म्हणून.”

घरी वाल्बुर्गा दारातच उभी होती. “मिळाली का सुटी?”

“मिळाली.” त्याने बोटं मोजली. “आज चौसष्ट... म्हणजे एकोणनव्वदाव्या वर्षी!”