चेलोची सोय

चेलोच्या, म्हणजे जवळजवळ माणसाएवढ्या व्हायोलिनच्या, पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा एक आर्द्रतामापक बसवलेला होता. काटा पन्नासच्या आसपास असला, की चेलो सुखात आहे असं समजायचं. चेलोवादकाला असा काटा नव्हता. तो सुखात आहे की नाही, हे त्याच्या बायकोलाच ओळखावं लागे.

अकरा वर्षं तो एकाच वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर जात होता, आणि अकरा वर्षं हॉटेलात त्याला ड्रमवाल्याच्या खोलीत टाकलं जात होतं. ड्रमवाल्याला सगळे भोंगा म्हणत. का, ते त्याच्या शेजारच्या पलंगावर एकदा झोपलं की कळे. दरवर्षी करार करताना वेगळी खोली मागायचं ठरे आणि दरवर्षी ते राहून जाई.

"या खेपेला मागणार आहात ना?" बायकोनं विचारलं. "गेल्या दौऱ्याहून आलात, तेव्हा आठवडाभर उभ्या उभ्या पेंगत होतात."

"मागतो गं. पण भोंग्याला काय वाटेल?"

"झोपेत काय वाटणार आहे त्याला?"

व्यवस्थापक भला माणूस होता. मागितलेलं तो निमूट लिहून घेई; न मागितलेलं द्यायची मात्र त्याला सवय नव्हती. त्याच्यासमोर बसल्यावर चेलोवादकाला नेहमीप्रमाणे स्वतःसाठी काही मागवेना. मग त्याला एक युक्ती सुचली.

"साहेब, चेलोला बसमध्ये खिडकीची जागा लागेल. मागे फार धक्के बसतात."

"लिहिलं."

"हॉटेलात शांत खोली. आवाजानं लाकूड थरथरतं, सांधे सैल होतात."

"म्हणजे भोंग्यापासून लांब. लिहिलं. आणखी?"

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. "आणि त्या खोलीत दुसरं कुणी नको. माणसाच्या श्वासानं हवेतली आर्द्रता वाढते."

"बरं झालं सांगितलंत," व्यवस्थापक म्हणाला आणि त्यानं तेही लिहिलं.

घरी बायकोनं करार दोनदा वाचला. "यात तुम्ही कुठे आहात?"

"शेवटच्या पानावर. सही केलीये की."

दौऱ्याच्या पहिल्या दिवशी बसमध्ये खिडकीच्या जागेवर चेलो पट्टा बांधून बसला होता. चेलोवादकाला दाराजवळची घडीची खुर्ची मिळाली. कुणालाही उतरायचं असलं की तो उठे, खुर्ची मिटे, खुर्ची उघडे, बसे. दुपारी हॉटेलात चाव्या वाटल्या गेल्या. तीनशे सात, बागेच्या बाजूची, चेलोला. दोनशे चार, लिफ्टला लागून, चेलोवादक आणि भोंगा यांना.

"साहेब, मी चेलोच्याच खोलीत पडलो तर?"

"छे छे! कलम सहा." व्यवस्थापकानं करार उघडून बोट ठेवलं. "माणसाच्या श्वासानं आर्द्रता वाढते. तुमचेच शब्द. मी तर पलंगही काढून घ्यायला सांगितलाय, कुणाला मोह नको."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बोललात का?"

"बोलतोच आता." त्यानं फोन खिशात टाकला, पाय घट्ट रोवले. "साहेब, मला..." मागे दोन्ही हातांत बॅगा घेऊन भोंगा उभा होता. "मला एक उशी जास्त मिळेल का?"

"लिहिलं. आणखी कुणाला काही?" व्यवस्थापकाचं पेन अजून उघडंच होतं.

भोंग्यानं बॅगा खाली ठेवल्या आणि घसा खाकरला.

"अकरा वर्षं गप्प बसलोय, साहेब. म्हटलं, यांना वाईट वाटेल. हे झोपेत ताल मोजतात. एक, दोन, तीन, चार. आणि दर वेळी चारवर अडखळतात. पुढचा एक कधी येतोय याची वाट बघत ड्रमवाल्यानं झोपायचं कसं? पहाटे कुठे डोळा लागतो, तर त्या तासाभरात घोरतो म्हणून लोक भोंगा म्हणतात. आता पुरे. मला वेगळी खोली हवी आहे."