चौथा नंबर

भोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नूतनने वडिलांचा चौथा नंबर लावला, त्यांना बाकावर बसवलं आणि ती समोरून डोळ्यांचं औषध आणायला गेली. परत आली तेव्हा सोनबा एकोणिसावे झाले होते.

"अण्णा, नंबर कुठं गेला?"

"ह्या गुलजारबींना दिला. त्यांची शिवऱ्याची येष्टी सुटत हुती."

"आणि बाकीचे चौदा?"

"एकाला दिल्यावर दुसऱ्याला न्हाई कसं म्हनायचं?"

"देवमानूस हाय बगा," शेजारची बाई म्हणाली.

देवमाणसाचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता आणि उजव्यातला दाब बत्तीसवर होता. आई होती तोवर दोन्ही वेळा थेंब डोळ्यात पडत. पाच महिन्यांपूर्वी ती गेली; तेव्हापासून ते बहुधा कपाळावर पडत होते. लेसरचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत आणि दोनला निघत.

दीडला नर्स रत्नाने नाव पुकारलं. सोनबांनी मागच्याला पुढे ढकललं. "तुमी व्हा. मला लघवीला जायचंय."

"आजोबा, ही लघवीची चौथी खेप. साखर बी हाय का?" रत्नाने त्यांना खाली रक्त तपासायला धाडलं. साखर उत्तम निघाली. दोनला दहा मिनिटं उरली.

महिनाभर गिळलेलं नूतनच्या तोंडून सुटलं. "अण्णा, लख्ख दिसेल असं मी म्हणाले ते खोटं होतं. गेलेली नजर परत येत नसते. लेसरनं दाब उतरतो, आहे तेवढं टिकतं. बास." आता हे उठायचेच नाहीत, असं तिला वाटलं.

"म्हंजी ह्यापरीस साफ दिसनार न्हाई?"

"नाही."

"नक्की?"

"डॉक्टरांनाच विचारा."

"आदी सांगायचं न्हाई व्हय." सोनबा काठी टेकत उठले. "म्हनलं, समदं लख्ख दिसाया लागलं तर तू तूच दिसशील. आता धुरकटात दारात हुबी ऱ्हायलीस, का तुझी आईच दिसती."

ते आत गेले, मुकाट्याने यंत्रावर हनुवटी टेकून बसले.

"ताई, व्हा बाजूला," रत्ना म्हणाली. "दार लावायचंय."

नूतन दारातून हलली नाही.