मरहूम शरफुद्दीन यांचा तमगा

चौदा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी, शरफुद्दीन चाचांना एकाच ओळीत दोन बातम्या वाचायला मिळाल्या. पहिली, त्यांना राष्ट्रीय सेवेचा तमगा, म्हणजे पदक, जाहीर झाला होता. दुसरी, ते वारले होते. वर्तमानपत्राच्या चौथ्या पानावर, बारीक अक्षरांत, ‘शरफुद्दीन, निवृत्त लसटोचक, चिनिओट’ एवढं छापून पुढे कंसात ‘मरणोत्तर’ असं टाकलेलं होतं.

चाचांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "नेकबख्ते, जरा बाहेर ये."

हनीफा बीबी पिठाच्या हातांनीच आल्या. "काय झालं?"

"मला तमगा मिळाला."

"अल्लाचे आभार! छत्तीस वर्षांनी का होईना, डोळे उघडले मेल्यांचे."

"त्यांचे उघडले. पण माझे मिटलेत." चाचांनी ओळीवर बोट ठेवलं.

हनीफा बीबींनी अक्षर अक्षर लावून ते वाचलं, मग नवऱ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "नाझियाचे अब्बा, दोन पराठे खाऊन बसलाय तुम्ही. असं कसं छापलं?"

असं कसं छापलं, ते चाचांना दुपारपर्यंत कळलं, आणि ते सांगणाऱ्यांनी फार अभिमानाने सांगितलं.

तमगा द्यायचा तर आधी माणसाची चौकशी होते. कसा आहे, कुठे बसतो-उठतो, कुणाशी भांडण, खटला वगैरे. त्यासाठी जूनच्या भर उन्हात एक माणूस मोटरसायकलवरून गल्लीत आला होता. अंगात पांढरी सलवार-कमीज, काखेत रजिस्टर. आता रजिस्टर घेऊन आलेला माणूस काही द्यायला आला आहे, असं या गल्लीत कुणाच्या आजोबांनीही पाहिलेलं नव्हतं. तो आला की वीज तोडतो, कर लावतो, नाहीतर साक्षीला नेतो. चाचा त्या आठवड्यात लेकीकडे फैसलाबादला गेले होते. म्हणजे त्यांना वाचवण्याची सगळी जबाबदारी गल्लीवर आली, आणि गल्ली कमी पडली नाही.

नवाज हलवायाने कढईतून मान वर न करता सांगितलं, "शरफुद्दीन? ते तर कराचीला गेले. झाली बरीच वर्षं."

सिराज न्हाव्याने गिऱ्हाईकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून विचारलं, "कोण शरफुद्दीन?" गिऱ्हाईकानेही फेसातून तेच विचारलं. हे गिऱ्हाईक म्हणजे चाचांच्या सख्ख्या आत्याचा नातू.

तरी तो माणूस हटेना. तेव्हा मासी बशीरां पुढे सरसावल्या. ही पीडा कायमची टळावी म्हणून त्यांनी ओट्यावर बसकण मारली, छाती पिटली आणि हंबरडा फोडला. "हाय रे, गेले चाचा! आत्ता तर मयताचा चाळीसावा दिवस झाला! माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते!" रजिस्टरवाला गोंधळला. त्याने तिथेच उभ्याउभ्या हात वर करून मयतासाठी दुआ मागितली. ते पाहून हलवायाने आपला जबाब दुरुस्त करून दिला, "कराचीला गेले ते खरं, पण तिथेच गेले." एकूण नऊ जणांनी साक्ष दिली. रजिस्टरवाल्याने ती जशीच्या तशी उतरवून घेतली आणि मासींच्या हातचं सरबत पिऊन तो निघून गेला.

चाचा परत आले तेव्हा गल्लीने त्यांना सांगितलंही होतं, "एकजण तुम्हाला शोधत आला होता चाचा. लावला त्याला वाटेला. तुम्ही निवांत राहा." चाचांना गहिवरून आलं होतं. त्यांनी नवाजकडूनच दोन किलो जिलेबी घेऊन नऊही घरांत वाटली होती.

खरं तर या खेळाची त्यांना चांगली ओळख होती. छत्तीस वर्षं ते सायकलला बर्फाची पेटी बांधून दारोदार हिंडले. दर दाराआडून एकच उत्तर यायचं, घरात लहान मूल नाही. आत पाळणा करकरत असायचा. चाचा पायरीवर बसायचे, प्यायला पाणी मागायचे आणि मूल स्वतः डोकवायला येईपर्यंत वाट पाहायचे. कुणी अंगावर कुत्रं सोडलं, कुणी पाणी ओतलं, एकाने वीट मारली, तिचा व्रण कपाळावर अजून होता. तरी चाचांनी गल्लीतलं एक मूल सुटू दिलं नाही. त्या मुलांना आता दाढ्या आल्या होत्या, आणि त्यांतल्याच काहींनी त्यांना वर पोहोचवून दिलं होतं.

चाचांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. पैसा मिळाला नाही, बढती मिळाली नाही, त्यांनी हूं की चूं केलं नाही. पण एकदा, फक्त एकदा, मोठ्या माणसांनी भरलेल्या दालनात आपलं नाव पुकारलं जावं, आपण चालत पुढे जावं आणि कुणीतरी आपल्याकडे बघून तो तमगा आपल्याच छातीवर लावावा, एवढी हाव त्यांना होती. काळ्या शेरवानीचं कापड त्यांनी आपल्या नावाची शिफारस गेली त्याच दिवशी आणून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी चाचा लाहोरच्या एका मोठ्या कचेरीत, तमग्यांचं काम पाहणाऱ्या रिझवी साहेबांपुढे उभे राहिले. रिझवी साहेब सज्जन होते. त्यांनी मयताच्या नातेवाइकाला द्यावी तशी हळुवारपणे खुर्ची दिली.

"तुम्ही मरहूम शरफुद्दीन यांचे कोण?"

"मीच मरहूम, जी."

चाचांनी ओळखपत्र पुढे केलं. रिझवी साहेबांनी ते उलटंसुलटं पाहिलं, फोटो आणि चेहरा जुळवला आणि सुस्कारा टाकला. "कार्ड खरं आहे. पण माझ्याकडे फाइलमध्ये नऊ माणसांचे जबाब आहेत. एका बाईंनी तर नातवाची शपथ घेतलीय. एका कार्डासाठी मी नऊ माणसांना खोटं ठरवू?"

"पण मी समोर बसलोय ना!"

"ते मला दिसतंय हो, चाचा. फाइलला दिसत नाही." त्यांनी चहा मागवला. "असं करा. या नवांपैकी दोघांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. आम्ही त्या दिवशी खोटं बोललो, शरफुद्दीन हयात आहेत, एवढं स्टॅम्प पेपरवर लिहून सही द्यायची. सप्टेंबर संपायच्या आत आणा, मी कंस काढून टाकतो."

"आणि नाही आणलं तर?"

"तर कंस तसाच राहील. नाहीतर नाव मागे घ्यायचं आणि नव्याने शिफारस करायची. पाचसात वर्षं जातात." रिझवी साहेबांनी चाचांच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं आणि नजर खाली केली. "तेव्हा कंस घालायला अडचण येणार नाही."

चाचा हसत हसत गावी परतले. दोनच सह्या! ज्या गल्लीने न मागता नऊ साक्षी दिल्या, ती दोन सह्या देणार नाही?

नवाज हलवायाने त्यांना गादीवर बसवलं, तुपाने निथळणारा हलवा पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले. "चाचा, जान मागा, आत्ता देतो. सही नका मागू."

"अरे, पण मी जिवंत आहे एवढंच लिहायचंय."

"ते एवढंच कुठे? मी सरकारी माणसाशी खोटं बोललो, हेही लिहायचंय. उद्या तोच कागद माझ्या नावाने फिरला तर? भट्टीला परवाना नाही माझ्या, तुम्हाला ठाऊक आहे."

सिराज न्हाव्याच्या भावाची केस चालू होती. आत्याच्या नातवाला दुबईचा व्हिसा यायचा होता, आणि व्हिसा यायच्या वेळी माणसाने कुठल्याच कागदावर असू नये, असं त्याला एजंटाने बजावलं होतं. मासी बशीरां चाचांना पाहताच रडू लागल्या, आणि यावेळी रडणं खरं होतं. "पोराच्या डोक्यावर हात ठेवलाय मी, चाचा. आता ते खोटं होतं असं लिहून दिलं आणि पोराला काही झालं तर? ते त्याला लागेल हो!"

"आणि मला जे लागलं, मासी?"

"तुम्हाला काय झालंय? तुम्ही चांगले ठणठणीत आहात."

गल्लीच्या तोंडाशी लाकडावर नक्षी कोरणारे उस्ताद सिकंदर मात्र स्वतःहून आले. "आण तो कागद. मी करतो सही, अंगठाही देतो." पण जूनमध्ये उस्तादांनी रजिस्टरवाल्याशी खोटं बोलायला नकार देऊन दुकानाचं दार लावून घेतलं होतं. ते नवांत नव्हते. एवढ्या मोठ्या गल्लीत जो एक माणूस खरं बोलायला तयार होता, त्याच्या खऱ्याला कचेरीत किंमत नव्हती.

सप्टेंबर संपला. त्या महिन्यात गल्लीतल्या प्रत्येक घरातून चाचांकडे काही ना काही आलं, कुठून खीर, कुठून पुलाव, कुठून गाजराचं लोणचं. सही कुठूनच आली नाही. चाचांना राग आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे जास्तच आला. जी माणसं मला वाचवायला खोटं बोलली त्यांचा राग कसा करायचा? त्यांनी तो पुलावावर काढला. बशी तशीच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी दुप्पट पुलाव आला.

मग प्रश्न उरला, तमगा घ्यायला कोण जाणार. मरणोत्तर तमगा गव्हर्नर वारसाच्या हाती देतात, आणि वारस म्हणजे हनीफा बीबी.

"मी जाणार नाही," त्यांनी ठणकावून सांगितलं. "नवरा बाजूला बसलेला असताना मी विधवा म्हणून व्यासपीठावर चढू? लोक काय थुंकतील!"

"कोणाला कळणार आहे? आणि नाही गेलीस तर नावच कापतील."

"कापू देत."

चाचा आजवर बायकोपुढे रडले नव्हते. तेव्हाही रडले नाहीत, पण शेरवानीच्या कापडाची घडी उगीचच मोडून पुन्हा घालू लागले. हनीफा बीबींनी ती त्यांच्या हातून घेतली.

"बरं, जाते. पांढरी ओढणी घेईन. पण बांगड्या काढणार नाही. गव्हर्नर काय, त्याचा बाप आला तरी नाही!"

पाहुण्यांच्या फॉर्मवर रिझवी साहेबांनीच मार्ग काढला. वारसासोबत एक नातेवाईक आणता येत होता. चाचांचं नाव त्यांनी तसंच लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात ‘मयताचा धाकटा भाऊ’ असं भरलं. तेवीस मार्चला, समारंभाच्या दिवशी, फाटकावरच्या पहारेकऱ्याने यादी पाहिली, कार्ड पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमचंही नाव शरफुद्दीन आणि भावाचंही शरफुद्दीन?"

"वडलांना ते नाव फार आवडायचं, जी."

पहारेकऱ्याने थोडा विचार केला. यादी आणि कार्ड जुळत होतं, पुढचं त्याचं काम नव्हतं. त्याने चाचांना आत सोडलं.

दालनात लाल गालिचा होता आणि छताला झुंबरं होती. वारस पुढच्या रांगेत, नातेवाईक मागे. चाचा काळी शेरवानी घालून मागे बसले. एकेक नाव पुकारलं जात होतं. कुणी गायक, कुणी शास्त्रज्ञ, कुणी खेळाडू, सगळे आपापल्या पायांनी चालत जात होते. मग चाचांचं नाव आलं आणि ते नकळत खुर्चीतून अर्धवट उठले. शेजारच्या बाईंनी त्यांचा हात धरून हळूच खाली बसवलं. "धीर धरा, भाईसाहेब," त्या म्हणाल्या.

निवेदकाने भरल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. मरहूम शरफुद्दीन यांनी छत्तीस वर्षं सायकलवरून गावोगाव फिरून हजारो बालकांना लस दिली. चिनाबच्या पुरात बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन ते छातीभर पाण्यातून चालले. कपाळावर वीट झेलली, पण एकही दार सोडलं नाही. सगळं खरं होतं. कुणीतरी हे सगळं शोधून, लिहून ठेवलं होतं. चाचांचा ऊर भरून आला, आणि अर्ध्या मिनिटापुरतं ते विसरूनच गेले की हे आपल्या माघारी चाललंय.

"अल्ला त्यांना जन्नत देवो," निवेदक म्हणाला. सगळ्या दालनाने दुआसाठी हात उचलले. चाचांनीही उचलले. काय मागावं ते त्यांना सुचेना, म्हणून नुसते धरून ठेवले. हनीफा बीबींनी तमगा घ्यायला हात पुढे केला आणि ओढणीआडून त्यांच्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. त्या रडत होत्या. जिवंत नवऱ्याचं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. समोरच्यांना वाटलं, बिचारीला फार दुःख आहे.

नंतर हिरवळीवर चहा होता. गव्हर्नर साहेब एकेका कुटुंबापाशी थांबत हनीफा बीबींसमोर आले, दोन शब्द बोलले आणि मग चाचांकडे वळले. त्यांनी चाचांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आपण मरहूमांचे भाऊ?"

"असं म्हणतात, जी."

"अशी माणसं आता होत नाहीत. त्यांची काही इच्छा राहून गेली का?"

"एकच होती. हा तमगा आपल्या हातून स्वतः घ्यायची."

गव्हर्नर साहेबांचे डोळे ओलावले. ढोंग नव्हतं, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "फार उशीर केला आम्ही," ते म्हणाले. "पण आज त्यांच्या आत्म्याला शांती मिळाली असेल."

चाचांनी बायकोच्या हातातल्या मखमली डबीकडे पाहिलं. तमगा अगदी हातभर अंतरावर होता.

"नाही, जी," ते म्हणाले. "अजून नाही मिळाली."

भावाचं दुःख ताजं आहे, असं समजून साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या वारसाकडे वळले.