गॅरेजवाल्याची गाडी

खण्ण.

गेली दहा मिनिटं घरात कुणी नीट श्वासही घेतला नव्हता, कारण श्वास सोडला की कापूस उडत होता. आई गुडघ्यांवर बसून लेकीच्या पाठीवर कापसाचा शेवटचा पुंजका चिकटवत होती. लेक दोन्ही हात पसरून उभी होती. एवढ्यात भिंतीवरचा हूक खिळ्यासकट निसटला आणि गाडीची चावी फरशीवर पडली.

"गाडीला कळलं आपण निघतोय," लेक म्हणाली.

"गाडीला काही कळत नसतं. हलू नकोस."

"कळतं. काल तू तिला डबडं म्हणालीस, मग ती सुरूच झाली नाही."

काल अगदी तसंच झालं होतं. आईने पुंजका जरा जोरातच दाबला.

लेक सहा वर्षांची होती आणि आज शाळेच्या नाटुकल्यात ढग होती. पडदा उघडला की सगळ्यात आधी माइकसमोर तिचंच वाक्य होतं. ते एक वाक्य तिने पंधरा दिवस आईला, बाबांना, गॅसच्या शेगडीला आणि गाडीला म्हणून दाखवलं होतं. तिच्या मते सगळ्यात लक्ष देऊन ऐकलं ते गाडीने.

गाडी लेकीपेक्षा बारा वर्षांनी मोठी होती. कागदपत्रांत तिचा रंग मोतिया लिहिला होता. आता तो रंग फक्त कागदपत्रांतच उरला होता. मागचं डावं दार निळं होतं, कारण ते दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं होतं. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार आतून उघडत नसे. काच खाली करून, हात बाहेर काढून, बाहेरच्या मुठीला वर उचलून मग ओढावं लागे. हँडब्रेक शोभेपुरता होता. त्याचं काम एक दगड करायचा. तो डिकीत असे आणि गाडी उभी केली की चाकाला लावायचा असे. सगळ्या गाडीत त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नव्हतं. याच गाडीतून लेक तीन दिवसांची असताना दवाखान्यातून घरी आली होती. तेव्हा बाबांनी गाडी इतकी जपून चालवली होती की एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला आणि जाताना वळून हसला.

असं सगळं असताना, तीन आठवड्यांपूर्वी आईने गाडीला नाकारलं.

त्याचं झालं असं. शाळेच्या फाटकाशी ॲडमिनबाई उभ्या होत्या. वर्गातल्या पालकांचा फोनवर जो ग्रुप होता, त्याच्या त्या ॲडमिन. शाळेचं पान त्यांच्यावाचून हलत नसे, निदान त्यांचा तसा समज होता. आई काचेतून हात बाहेर काढून दाराशी झटापट करत होती, तेव्हा त्यांनी विचारलं, "ही कुणाची गं गाडी?"

विचारण्यात खवचटपणा काहीच नव्हता. दारात पडलेली चप्पल कुणाची, असं विचारावं तसं विचारलं होतं. तेच जास्त लागलं. आईचं तोंड आईला न विचारता बोलून गेलं, "गॅरेजवाल्याची. आमची दुरुस्तीला दिलीय ना, तोवर त्याने ही दिलीय."

"अगंबाई. काय झालं तुमच्या गाडीला?"

"एक पार्ट मिळत नाहीये."

"कुठला?"

आईला गाडीतल्या दोनच वस्तूंची नावं खात्रीने सांगता आली असती. त्यातला एक दगड होता. ती म्हणाली, "गिअरबॉक्स."

तिथून पुढे त्या गिअरबॉक्सने तिचं जगणं अवघड केलं. ग्रुपवर रोज कुणी ना कुणी विचारी, "पार्ट आला का गं?" पहिल्या आठवड्यात तो पार्ट परगावाहून निघाला. दुसऱ्या आठवड्यात तो आला, पण चुकीच्या मापाचा आला. तिसऱ्या आठवड्यात तो परत गेला. खऱ्या गाडीची आईने आयुष्यात कधी एवढी काळजी घेतली नव्हती. आणि खरी गाडी ती आता शाळेमागे दोन गल्ल्या सोडून, एका बंद पडलेल्या लाँड्रीपुढच्या उतारावर लावत असे.

"आपण एवढ्या लांब का लावतो?" लेकीने विचारलं होतं.

"चालणं चांगलं असतं."

"मग घरूनच चालत का येत नाही?"

"उशीर होतो म्हणून. चल."

आज मात्र पंचाईत होती. मागची खिडकी वर होत नव्हती आणि वारा सुटला होता. पहिल्या सिग्नलपर्यंत ढगाचा एक खांदा उघडा पडला. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी आधी आपल्या मांडीवर येऊन बसलेला कापूस पाहिला, मग निळं दार पाहिलं, आणि हळूच आपली काच वर केली.

"आई, मी संपत चाललेय," मागून आवाज आला.

"खाली वाक. सीटमागे लप."

"ढग लपतात का?"

शाळेशी पोचेपर्यंत ढग निम्मा झाला होता. लाँड्रीपासून दोन गल्ल्या चालवत आणला असता तर नुसता फ्रॉक पोचला असता. आईने नाइलाजाने गाडी शाळेच्या फाटकापुढच्या चढावर गिअरमध्ये टाकून उभी केली. दगड काढून नेहमीसारखा पुढच्या चाकाच्या पुढे सरकवला, आणि ढगाला काखोटीला मारून चार पावलं गेली. मग परत आली. कुणी पाहिलं तर?

गाडीत गॅरेजवाल्या मिस्त्रींचं कार्ड कायम पडलेलं असे, कारण ते कायम लागे. आईने ते पुढच्या काचेत, बाहेरून ठळक वाचता येईल असं उभं केलं. आता ही गाडी कुणाची, हे कुणी विचारायचं कारणच नव्हतं. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. लाँड्रीपाशी गाडी उताराकडे तोंड करून उभी असे, इथे चढाकडे होती. म्हणजे दगड चाकाच्या मागे हवा होता.

हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत ॲडमिनबाईंनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. मनाने बाई वाईट नव्हत्या, हीच तर अडचण होती.

"आलीस? आणि पार्ट?"

"उद्या म्हणालाय."

"हे लोक असंच उद्या उद्या करतात. ढील देऊ नकोस त्याला."

आईच्या दुसऱ्या बाजूला कुणाचे तरी आजोबा पाय लांब करून झोपले होते. कार्यक्रमाची वेळ होऊन गेली. पडदा हलला, त्याच्या खालून कापसाचा एक पुंजका बाहेर आला आणि कुणीतरी तो आत ओढून घेतला. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मग वॉचमन मधल्या वाटेने धावतपळत आला आणि मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानाला लागला. मोठ्या बाई पडद्यापुढच्या माइकपाशी गेल्या.

"कृपया लक्ष द्या. कुणाची तरी गाडी मागे घसरून आपल्या फाटकात आडवी अडकली आहे. कुणाला आत येता येत नाहीये. प्रमुख पाहुण्या बाहेर उन्हात उभ्या आहेत. गाडीचा रंग..." त्यांनी वॉचमनकडे पाहिलं. "काय रंग आहे हो?"

वॉचमनने विचार केला. "कुठल्या दाराचा?"

हॉल हसला. आईसुद्धा हसली, इतरांपेक्षा जरा जास्तच हसली.

"अगं, ही तर तुझ्या गॅरेजवाल्याची," ॲडमिनबाई म्हणाल्या.

"हो का? आज सकाळीच तर परत नेली त्याने, मी रिक्षाने आले. कमाल आहे या माणसाची. कुठेही लावतो."

"थांब, मी सांगते." आणि त्या उभ्या राहिल्यासुद्धा. "मोठ्या बाई, ती गाडी गॅरेजवाल्याची आहे."

"हो, काचेत कार्ड होतं," वॉचमन म्हणाला. "मी फोन केलाय त्यांना. इथे जवळच आहेत, येतायत."

आईने दाराकडे पाहिलं. हळूच उठून जावं म्हटलं तर एका बाजूला ॲडमिनबाई आणि दुसऱ्या बाजूला आजोबांचे पाय. ती पर्समध्ये हात घालून चावी मुठीत घट्ट धरून बसली, जणू चावी ओरडेल.

पाच मिनिटांत मिस्त्री हॉलमध्ये हजर. हातात फडकं, चेहऱ्यावर अर्धं काम टाकून आल्याचा वैताग.

"फाटक तर बंद आहे, तुम्ही आत कसे आलात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"गाडीतून," वॉचमनच मध्ये बोलला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. "बाहेरच्या दाराने गाडीत शिरले, मग काचेतून हात काढून असं वर उचलून ओढलं आणि इकडच्या दाराने उतरले. मी मघाशी किती वेळ ओढत होतो, हललंसुद्धा नाही. मालकाशिवाय कुणाला जमणार?"

"माझी नाही हो ती गाडी," मिस्त्री म्हणाले.

"दार तर बरोबर उघडलंत."

"डॉक्टरला दुखणं ठाऊक असतं म्हणून पेशंट त्याच्या घरचा होतो का? माझंही काही नाव आहे, बाई. मी अशा गाडीत..."

आणि त्यांना आई दिसली.

मांडीवर, पर्सच्या आड, कुणाला दिसणार नाही असे तिने हात जोडले. मिस्त्रींनी ते पाहिले. गेली सहा वर्षं ते तिला सांगत होते, ताई, आता ही काढून टाका. आणि गेली सहा वर्षं ती म्हणत होती, एवढं वर्ष जाऊ द्या. मिस्त्रींनी पंख्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "माझीच."

"मग आधी नाही का म्हणालात?" ॲडमिनबाईंनी सूत्रं हातात घेतली. "दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करता आणि स्वतःची ही अशी? वर हीच गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारता? ही बिचारी तीन आठवडे यातून लेकराची ने-आण करतेय."

"तीन आठवडे," मिस्त्री म्हणाले.

"आणि हिचा पार्ट कुठाय?"

"कुठला पार्ट?"

"गिअरबॉक्स."

मिस्त्रींनी पुन्हा एकदा आईकडे पाहिलं. आई आता पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. "येतोय," ते म्हणाले. "चुकीच्या मापाचा आला होता." हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे, बहुधा त्यांच्या धंद्यात प्रत्येक पार्टचं तेच होत असावं.

मागून एक पालक म्हणाले, "आमची गाडी यांच्याकडेच असते. उद्याच काढून आणतो." आणखी कुणीतरी म्हणालं, "आमचीपण." ॲडमिनबाईंनी फोन काढला. ग्रुपवर लिहितेच, म्हणाल्या, म्हणजे बाकीचे फसायचे नाहीत.

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. बाजारात नाव कमवायला त्यांना वीस वर्षं लागली होती, आणि ते तिसऱ्या रांगेतल्या एका बाईपायी पाच मिनिटांत चाललं होतं.

"झालं ते झालं," मोठ्या बाई म्हणाल्या. "चावी लावा आणि गाडी काढा. मुलं कधीची उभी आहेत."

"चावी..." मिस्त्री जरा थांबले. ते थांबणं आईसाठी होतं, हे हॉलमध्ये फक्त आईला कळलं. ती उठली. म्हणजे मनातल्या मनात उठली. पायांपर्यंत निरोप पोचला नाही. "चावी गॅरेजात राहिली," मिस्त्री म्हणाले.

"मग क्रेनच बोलवतो," वॉचमन म्हणाला. "नाक्यावरच उभी असते."

क्रेन खरंच नाक्यावर होती. खिडकीतून साखळीचा खळखळाट ऐकू आला. ती गाडी एकदा उचलली की निळं दार तरी जागेवर राहील का, याची आईला शंकाच होती. आता उठायचं, तिने ठरवलं. उठायचं आणि म्हणायचं, थांबा, ती आमची आहे. सात शब्दही नव्हते. ढगाने पंधरा दिवसांत एक वाक्य पाठ केलं होतं, तिला एवढं जमू नये? पण ॲडमिनबाईंनी तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "तू नको त्रास करून घेऊस गं, तुझा काय दोष?" आणि आई परत बसली. बसलेलीच होती, ती आणखी बसली.

तेवढ्यात पडदा मधोमध फाकला आणि ढग बाहेर आला. एक खांदा उघडा, पाठीवर टक्कल पडलेलं, डोक्यावर एक झुबका कसाबसा टिकलेला. त्याने आधी हॉलकडे पाहिलंच नाही. तो स्टेजच्या कडेच्या खिडकीतून बाहेर पाहत होता, आणि तिथून फाटक सगळं दिसत होतं. मागून कुणी बाई "अगं आत ये, अजून वेळ आहे" म्हणत होत्या. ढग थेट माइकपाशी गेला, टाचा उंच केल्या, आणि सगळे गप्प झाले. आपलं वाक्य म्हणणार असंच सगळ्यांना वाटलं. पण ढग तिसऱ्या रांगेकडे पाहत होता.

"आई," त्याने माइकमध्ये विचारलं, "ते आपली गाडी नेतायत. तू उठत का नाहीस?"