द्राक्षासवाला साडेसात मार्क

हॉब्सनसाहेबांनी एक रिकामी बाटली बळवंताच्या टेबलावर ठेवली आणि ते म्हणाले, "अशी हवी. चांगली, पण फार महाग नको."

बळवंत स्टोअरमध्ये कारकून होता. तारापूरला अमेरिकन साहेबांच्या देखरेखीखाली अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. त्याच्याकडे दिवसभर माणसे नट, बोल्ट, फावडी मागायला येत. बाटली आजवर कोणी मागितली नव्हती. त्यातून राज्यात दारूबंदी. त्याने आधी दाराकडे पाहिले आणि मग बाटलीसमोर एक जाडजूड फाइल उभी केली.

साहेबांनी समजावून सांगितले. त्यांच्या कॅलिफोर्नियात झिन्फांडेल नावाची काळी द्राक्षे होतात. त्यांची लाल वाइन गवंडी आणि शाळामास्तरसुद्धा रात्रीच्या जेवणाबरोबर घेतात. महागाची बाटली चांगली निघाली तर त्यात आपली काय हुशारी? स्वस्तातली चांगली शोधायची, हे खरे काम. बारा वर्षे साहेब हेच करत होते. प्रत्येक बाटलीला दहापैकी मार्क देऊन ते वहीत लिहून ठेवत. येताना आणलेली शेवटची बाटली रविवारी संपली होती. परवाना त्यांच्याजवळ होता. पण मुंबईच्या परवान्याच्या दुकानात झिन्फांडेलचे नाव कोणी ऐकले नव्हते, आणि जे होते त्याची किंमत ऐकून साहेब नुसते पाणी पिऊन परत आले होते.

"तुम्ही स्टोअरचे माणूस. तुम्हाला काहीही सापडतं," साहेब म्हणाले.

नाही म्हणणे कठीण होते. बळवंताची नोकरी अजून हंगामी होती. कायम होण्याचे कागद निघाले होते. साहेबांनी शिफारस केली होती. आता पोलिसांकडून चालचलणुकीची चौकशी तेवढी राहिली होती. ती नीट झाली की कॉलनीत दोन खोल्यांचे घर मिळणार होते. मंगलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

बळवंताने शांतपणे विचार केला. वाइन म्हणजे काय? आंबवलेला द्राक्षांचा रस. मग द्राक्षासव तरी दुसरे काय असते? तेच, फक्त वैद्याच्या कपाटातले. किंमत दोन रुपये, आणि वर पचनही सुधारते. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो पालघरला नरहरी वैद्यांकडे गेला.

"घरात कुणाला बरं नाही?" वैद्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले.

साहेबांचे नाव बाहेर घेणे बरे नव्हे. "बायकोला," बळवंत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. बळवंत घाबरला.

"यात लवंग आहे, वेलची आहे, कसल्या तरी झाडाची साल आहे," शेवटी साहेब म्हणाले. "पण अगदी आत, कोपऱ्यात, एक द्राक्ष बसलंय. दहापैकी चार. दुसरं कोणी बनवतं का?"

इथे बळवंताने 'नाही' म्हणायला हवे होते. पण स्टोअरच्या माणसाला तो शब्द जड जातो. बोईसरला एक वैद्य होते, बेटेगावला एक होते, मासवणला मारुती वैद्य होते. प्रत्येकाची कृती वेगळी, प्रत्येकाची चव वेगळी. एका बाटलीवरून मत बनवणे साहेबांना पटत नसे, म्हणून प्रत्येकाकडे दोनदा, तीनदा जावे लागे. साहेब मार्क देत आणि बळवंत ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेई. बोईसरला त्याने सांगितले, सासूबाई आजारी आहेत. बेटेगावला सांगितले, मेहुणी. मासवणला पुन्हा बायको, कारण तोवर नातेवाईक संपले होते.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गोजराबाई गरम पेजेचे पातेले घेऊन सालवड गावातल्या बळवंताच्या खोलीत शिरल्या. "पोरी, उठू नको. पडून ऱ्हा. आमाला सांगायचं तरी!"

मंगला त्या वेळी पाट्यावर मसाला वाटत होती. "काय सांगायचं, मावशी?"

"आता लपवून काय? बेटेगावचा वैद माजा भाचाच हाय. तुजा नवरा पिशव्या भरून औषद नेतोय. तुजी बहीन लय आजारी हाय म्हनं."

"मला बहीणच नाही!"

दोघींनी एकदमच खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिले. पिशवीत चार रिकाम्या बाटल्या निघाल्या.

नेमके त्याच दिवशी साहेबांनी मासवणच्या बाटलीतला एक चमचा बळवंताला आग्रहाने चाखायला लावला होता. संध्याकाळी तो घरी आला.

"जवळ या," मंगला म्हणाली. "तोंड उघडा."

"अगं, औषध आहे ते!"

"औषध घेतलं की माणसाचं तोंड वाकडं होतं. तुमचं हसरं दिसतंय."

"माजा घरवाला बी आदी औषदच म्हनायचा," गोजराबाई दारातून म्हणाल्या. "ताडाखाली आडवा गावला, तवा कळलं आजार कंचा हाय तो."

"बाटल्या हॉब्सनसाहेबांच्या आहेत," बळवंत म्हणाला.

"असं?" मंगलाने कमरेवर हात ठेवले. "अमेरिकेचा साहेब विमानानं एवढ्या लांब आला, तो नरहरी वैद्यांचं औषध प्यायला?"

खरे असूनही ते बळवंतालाच खोटे वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकशीला आले. जमादार पुंजाराम पोटाने थोर आणि आवाजाने खोल होते. पद्धतीप्रमाणे त्यांनी आधी शेजाऱ्यांना विचारले.

"बळवंतराव दारू पितात?"

"छ्या! दारूला शिवत नाय तो," गोजराबाई पोटतिडकीने म्हणाल्या. "निसतं औषद घेतो. पिशवी-पिशवी घेतो."

जमादारांनी डायरीतून मान वर केली. मग सावकाश बळवंताकडे वळले. "तरीच! पंधरा दिवस झाले, पालघरला नरहरी वैद्यांकडे जातोय, द्राक्षासव संपलेलं. कोणी नेलं? बळवंतराव. बोईसरला गेलो. कोणी नेलं? बळवंतराव. बेटेगावला तेच. काय प्रकार आहे हा?"

मंगलाच्या डोळ्यांसमोर नव्या घराचे पडदे एकेक करून उतरू लागले.

बळवंताने साहेबांच्या मार्कांचा कागद जमादारांपुढे धरला आणि झिन्फांडेलपासूनची सगळी हकिकत एका दमात सांगून टाकली.

जमादारांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचला.

"वहिनी, जरा चहा टाकता?" ते म्हणाले. मंगला आत गेली. गोजराबाईंनाही त्यांनी नजरेनेच घरी पाठवले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात विचारले, "नरहरी वैद्य... चार?"

"साहेब बारा वर्षं हेच करतायत," बळवंत म्हणाला.

"सहा वर्षं त्याच्याकडून घेतोय मी. पोटासाठी."

"हो, पोटासाठीच."

"आणि हे मासवणचं साडेसात?"

"किंमत दीडच रुपया," बळवंत म्हणाला.

जमादार बराच वेळ भिंतीकडे पाहत बसले. सहा वर्षे फसवला गेलेला माणूस जसा पाहील तसे. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "हा चौकशीच्या कामी लागेल," ते म्हणाले आणि चहा न घेताच निघाले.

महिन्याभरात बळवंत कायम झाला. 'निर्व्यसनी, चोख, प्रत्येक गोष्टीची खात्री करून घेणारा,' असा शेरा पोलिसांच्या अहवालात होता. कॉलनीतल्या घरात हिरवे पडदे लागले. संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेणे मात्र मंगलाने सोडले नाही.

पण त्याआधी, चौकशीनंतरच्या पहिल्याच रविवारची गोष्ट. साहेबांची बाटली आणायला बळवंत मासवणला गेला. मारुती वैद्यांनी रिकाम्या कपाटाकडे हात केला.

"संपलं. काल पालघरचे एक जमादार आले आणि होत्या त्या नऊच्या नऊ बाटल्या घेऊन गेले."

"नऊ! कुणासाठी?"

"बायकोला बरं नाही म्हणाले," वैद्य काळजीने म्हणाले. "आता तुम्हीच सांगा बळवंतराव, या भागातल्या बायकांना एकाएकी झालंय तरी काय?"