गाण्यांचं वधू-वर सूचक मंडळ

आमच्या शेजारचे जोगळेकर काका गाण्यांची लग्नं लावायचे. थट्टा नाही करत. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आम्ही तेव्हा इंदिरानगरात राहायचो. बायको गेलेला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस दुपारी काय करील? पेपर वाचील, घोरेल. हे गृहस्थ दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून एकावर अभंग आणि दुसऱ्यावर डिस्को लावत. त्यातून जे काही कालवण होई, ते तिसऱ्या टेपवर उतरवून घेत.

हा तिसरा टेप खोलीतलं सगळंच ऐकायचा. म्हणून आमच्या सामाईक भिंतीवर थाप पडायची.

"मंगलताई, कुकर बंद करा! लग्न लागतंय!"

मग मी वरण अर्धकच्चं सोडून गप्प बसायची. काय करणार, शेजार पडला. तरी त्यांच्या निम्म्या कॅसेटांत माझ्या कुकरची एखादी शिट्टी आहेच.

प्रत्येक गाण्याची पत्रिका त्यांच्या वहीत असे. पट्टी, ठेका आणि स्वभाव. स्वभावाच्या रकान्यात "तापट", "सोशिक", "माहेरची श्रीमंत" असलं काहीबाही. घड्याळात बघत टेबलावर ठेका मोजायचा आणि निकाल द्यायचा. "मुलगी लावणी, मुलगा कव्वाली. अठ्ठावीस गुण! मुलगा एका पट्टीनं उंच आहे, त्याला जरा वाकवू." वाकवायचं म्हणजे फिरत्या रिळावर बोट टेकवून टेप हळू करायची. गाणारा बिचारा पेंगत गायला लागे.

एका गणपतीत मंडळानं त्यांच्या ताब्यात स्पीकर दिला. चूक मंडळाचीच. काकांनी आरतीला इंग्रजी ड्रम जोडले. तिसऱ्या कडव्याला आरती पळत सुटली, टाळ्या मागे राहिल्या, तबक ओवाळता ओवाळता अध्यक्ष घामाघूम झाले.

"काका, बाप्पाला चक्कर येईल हो!"

काका शांत. "नवी सून आहे. रुळायला वेळ लागतो."

जातीपातीशी त्यांच्या वहीला काही सोयरसुतक नव्हतं. ते आपलं गाण्यांपुरतं! पोटच्या पोरीनं, मधुरानं, एका बौद्ध कुटुंबातल्या शिक्षकाशी लग्न ठरवलं, तेव्हा याच माणसानं दार लावून घेतलं. म्हणे, पत्रिका जुळत नाही. मी तोंडावर विचारलं, "लावणीला कव्वाली चालते, मग पोरीलाच पत्रिका आडवी कशी आली?" त्यांनी टेपचा आवाज वाढवला. बापलेकीचं बोलणं तीन वर्षं बंद. मला असा संताप आला होता, की तेव्हापासून कुकर मी मुद्दाम त्यांच्या वेळेला लावायची.

मग मधुराला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आम्हाला आलं, काकांनाही आलं. त्यांचं कार्ड आठ दिवस टीव्हीवर उपडं पडून होतं. बारशाच्या दिवशी सकाळी भिंतीवर थाप पडली. "मंगलताई, कुकर..." पुढचं काही आलंच नाही. मी गॅस बंद केला आणि सरळ त्यांच्या घरात गेले.

एका टेपवर जोगळेकर काकू गात होत्या. मधुरा पाळण्यात असताना त्यांनी म्हटलेली अंगाई. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या टेपवर खणखणीत भीमगीत. गाणारे मधुराचे सासरे. त्यांची गायन पार्टी होती, त्यांची कॅसेट आमच्या गावातल्याच द्वारका चौकातल्या एका दुकानात मिळायची. मी कव्हर उचललं. कडा झिजलेल्या, मधे चिकटपट्टी.

"कधी आणलीत ही?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे तीन वर्षं हा माणूस व्याह्यांचं गाणं एकटाच ऐकत बसला होता, आणि भिंतीपलीकडे मला पत्ता नाही.

ठेका जमत नव्हता. काकू सावकाश, व्याही घाईत. आता रिळावर बोट येईल म्हणून मी बघत होते. काकांनी हात मांडीवरून उचललाच नाही.

"गुण किती जुळले?" मी विचारलं. कुजकटपणाच माझा, सवयीनं तोंडातून गेला.

"मोजले नाहीत," काका म्हणाले. "मंगलताई, दारातून परत पाठवेल का हो ती मला?"

माझा सगळा राग तिथंच गळून पडला. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर समोर तिसऱ्या टेपचा लाल दिवा.

"अहो काका, हे सगळं टेप होतंय! पुसा ते."

"राहू दे," ते म्हणाले. "तिच्यासमोर मला बोलता यायचं नाही."